सुईची गैरहजेरी

पाखरांच्या भानगडीत मी पडलो तो लग्नामुळे. लग्नाचं बोलायला सासऱ्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, घरदार विचारलं नाही. सकाळी किती वाजता उठता, एवढंच विचारलं. आयुष्यात मी सातच्या आत कधी उठलो नव्हतो, पण मुलगी हातची घालवायची नव्हती, म्हणून ठोकून दिलं, "पाचला." त्या एका थापेची शिक्षा मी अजून भोगतो आहे.

हिवाळा ओसरायला लागला की थेट एप्रिल सरेपर्यंत दर रविवारी पावणेसहाला आमच्या दाराशी सायकलची घंटा वाजते. बायको कूस बदलून म्हणते, "जा, बाबा आलेत." स्वतः मात्र पांघरूण डोक्यावरून घेते. लहानपणी तिने ही ड्युटी बारा वर्षं केली आहे आणि आता बदली माणूस मिळाल्याचं समाधान तिच्या पाठीवरसुद्धा दिसतं. मी विम्याच्या कचेरीत नोकरीला आहे. लोकांनी केलेल्या दाव्यांचे कागद तपासायचे आणि कुठे पाणी मुरतंय ते शोधायचं, हे माझं काम. पाखरांतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सासरे टर्नर होते. पाण्याचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर उभे राहिले. पहिली पाळी सहाला सुरू व्हायची आणि घरून कारखान्याला जाणारी जवळची वाट पाणीपुरवठ्याच्या तलावाच्या काठाने जायची. तिथेच त्यांना हा नाद लागला. हिवाळा संपताना लांबून लांबून पाखरं येतात, चार दिवस टेकतात, काही राहतात, काही पुढे जातात. कोण कधी आलं हे लक्षात राहीना, तेव्हा त्यांनी कारखान्याच्या टाइमकीपरकडून एक कोरी हजेरीची वही मागून आणली. कामगारांच्या नावांच्या रकान्यात पाखरांची नावं घातली, महिन्यांच्या जागी सालं घातली, आणि जे पाखरू ज्या तारखेला पहिल्यांदा आलं ती तारीख त्या चौकटीत. एप्रिलअखेर आलंच नाही तर तांबड्या शाईने "गै.", म्हणजे गैरहजर. तीस वर्षांची हजेरी त्या वहीत आहे. म्हणून त्यांना सगळे हजेरीमास्तर म्हणतात, नुसतं मास्तरही म्हणतात. शाळेत ते सातवीच्या पुढे गेलेले नाहीत, पण विद्यापीठातले लोक येऊन त्या वहीचे फोटो काढून नेतात.

मंडळ म्हणजे आम्ही चार जण. मास्तर, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, एक औषधांचा दुकानदार, आणि मी, लग्नात मिळालेला. नियम कडक. पाऊण तास काठाने चालायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. मग बाकावर बसून प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, काय पाहिलं, काय ऐकलं. शेजाऱ्याच्या चिठ्ठीत डोकावायचं नाही. ऐकलेलं पाहिल्याइतकंच खरं धरायचं. दोन चिठ्ठ्यांत एकच नाव आलं की ते पाखरू हजर. पण शेवटचा शब्द मास्तरांचा. त्यांनी फुली मारली की मारली. मग तुम्ही त्या पाखराशी हस्तांदोलन करून आला असलात तरी उपयोग नाही.

फुली मारण्याचा हा हक्क त्यांना कुणी दिला नव्हता, तो त्यांच्या कानाने मिळवला होता. कारखान्यात पाठमोरे उभे असताना ते सांगायचे, "तिसऱ्या मशीनवरचं टूल बोथट झालंय, बदला." आणि ते झालेलं असायचं. कानात बोळे घालून काम करणाऱ्यांची ते यथेच्छ टिंगल करत. तलावावरही तेच. आम्ही दुर्बिणी फिरवत बसायचो, आणि हे डोळे मिटून सांगायचे, "डावीकडे, चिखलात तुतारी. दोन आहेत." दोनच असायच्या, चोचीने चिखल टोचत.

त्यांच्या वहीत सगळ्यात लाडकं नाव म्हणजे सुई. पुस्तकात या पाखराचं नाव लांबलचक आहे, पण ते मंडळात कुणी घेत नाही. अंगठ्याएवढा जीव, अंग हिरवट, डोक्यावर केशरी रेघ. आवाज इतका बारीक की कापडातून सुई ओढावी तसा. म्हणून सुई. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येते, पंपघरामागच्या सुरूच्या कुंपणात दहाबारा दिवस काढते आणि उत्तरेला निघून जाते. अठ्ठावीस वर्षं तिने एकही खाडा केला नव्हता. मग माझं लग्न झालं आणि त्याच वर्षी चौकटीत तांबडं "गै." लागलं. पुढच्या वर्षीही. माझ्या पायगुणाबद्दल सासूबाईंनी एकदा चेष्टाही केली.

पहिल्या वर्षी बाईंनी आणि दुकानदारांनी चिठ्ठीवर सुई लिहिली होती. मास्तरांनी दोन्हीकडे फुली मारली. "बाई, मनात असलं की कानात वाजतं," असं ते म्हणाले. बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या वर्षी कुणाच्याच चिठ्ठीत सुई आली नाही.

आता मास्तरांसारखा माणूस गैरहजेरीचं कारण शोधल्याशिवाय गप्प बसणार थोडाच. कारण डोळ्यांसमोर होतं. पहिलं "गै." लागलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात तलावावरच्या माळ्याने ते सुरूचं कुंपण छाटलं होतं. दीड पुरुष उंचीचं कुंपण छातीएवढं करून टाकलं होतं. मास्तरांनी दोन अधिक दोन चार केले.

हा माळी एकोणीस वर्षं तिथे होता. पंपघराला लागून त्याच्या दोन खोल्या. बायको आणि म्हातारी आई असा संसार. मास्तरांचं आणि त्याचं गूळपीठ होतं. फेरी संपली की मास्तर त्याच्या पायरीवर बसून चहा प्यायचे आणि त्याला पाखरांची नावं शिकवायचे. छाटणीवरून ते बोलणं बंद झालं. दुसरं "गै." लागल्यावर मास्तरांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत अर्ज दिला: माळ्याने मनमानी छाटणी केल्यामुळे अठ्ठावीस वर्षं येणारा पक्षी येईनासा झाला, सोबत वहीच्या पानांच्या प्रती. आम्हाला वाटलं, अर्ज धूळ खात पडेल. कचेऱ्यांचा मला अनुभव आहे. पण तिथे नव्या साहेबीणबाई आल्या होत्या, आणि त्या आलेला प्रत्येक कागद वाचायच्या. अशी माणसं फार नुकसान करतात. माळ्याला नोटीस गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कचरा डेपोच्या शेजारी रोपवाटिका आहे, तिकडे बदली. खोल्या महिनाअखेर खाली करायच्या. काही म्हणणं असेल तर सोमवारी अकरा वाजता तक्रारदारासमोर मांडावं.

सासूबाईंना हे मुळीच पटलं नव्हतं. "मुठीएवढ्या पाखरापायी माणसाला घरातून काढता?" त्यांनी विचारलं.

"मुठीएवढं नाही," मास्तर म्हणाले. "अंगठ्याएवढं."

पण ते दुष्ट नव्हते. नोटीस गेल्याचं कळल्यापासून त्यांचं जेवण कमी झालं होतं. आम्ही शनिवारी सासुरवाडीला गेलो होतो तेव्हा जिन्यात मला थांबवून ते म्हणाले, "जावईबापू, उद्या सुई ऐकू आली ना, तर मी सोमवारी जाऊन अर्ज फाडून टाकतो. कुंपण छाटूनही ती आली असं सिद्ध होईल. मग माझी काही तक्रार नाही." आणि जरा थांबून, "आली तर बरं होईल हो." इतक्या अजिजीने बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. म्हणजे माळ्याच्या दोन खोल्या आता त्या अंगठ्याएवढ्या जिवाच्या आवाजावर टांगलेल्या होत्या.

रविवारी उजाडताना थंडी होती, पण झाडांच्या टोकांवर कोंब दिसायला लागले होते. दगडी काठावर धोबी शेपटी हलवत फिरत होते. पाण्यावरून दोन भिंगऱ्या गेल्या, वर्षातल्या पहिल्या. एरवी मास्तरांनी घड्याळ बघून वेळ टिपली असती. त्या दिवशी त्यांनी नुसती मान वर केली. ते भराभर चालत होते. कुंपणापाशी येऊन उभे राहिले, कानामागे तळवा धरला आणि वीस मिनिटं हलले नाहीत. आम्ही मागे उभे. बाई जमिनीकडे बघत होत्या. दुकानदार दुर्बिणीची काच पुसत होते. पुसून झाली की परत पुसत होते. माळ्याच्या दाराबाहेर दोन पेट्या आणि दोरीने बांधलेली गादी ठेवलेली होती. त्याची बायको काहीतरी आणायला बाहेर आली, आम्हाला पाहिलं आणि तशीच आत गेली.

शेवटी मास्तरांनी हात खाली घेतला. "चला," म्हणाले. "बाकावर."

आम्ही बसलो, चिठ्ठ्या निघाल्या. मी नेहमीप्रमाणे बदकं, कावळे असं लिहिलं, धोब्याला खात्रीने ओळखलं होतं म्हणून तोही लिहिला. मग माझं लक्ष पंपघराकडे गेलं. दाराला कुलूप होतं आणि दुरुस्तीची पाटी लावलेली होती. मला तीन वर्षं एक गोष्ट खटकत होती. पाखरांशी तिचा संबंध नव्हता, म्हणून मी कधी बोललो नव्हतो. पण आता फेरी संपली होती, म्हणून मी विचारलं.

"पंपघर बंद आहे का?"

"शुक्रवारपासून," दुकानदार म्हणाले. "सगळं बंद."

"मग तो पंखा कसा कुरकुरतोय?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. दुकानदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर सभेत शिवी दिली होती.

"कसला पंखा?" मास्तरांनी विचारलं.

"पंपघराच्या झरोक्यातला. तीन वर्षं ऐकतोय, त्याला कुणी तेल घालत नाही. चीं चीं चीं चीं, आणि शेवटी घसरल्यासारखं. हे बघा, आत्ता. परत."

मास्तर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कुठून येतोय? बोट दाखवा."

मी बोट दाखवलं आणि दाखवता दाखवताच माझ्या लक्षात आलं की ते झरोक्याकडे नाही, कुंपणाच्या टोकाकडे जातंय.

त्यांनी दुर्बीण लावली. मीही लावली. सुरूच्या छाटलेल्या फांदीवर एक हिरवट ठिपका होता, डोक्यावर केशरी रेघ. चोच सताड उघडी, गळा फडफडत होता, सगळं अंग थरथरत होतं, आणि माझा पंखा कुरकुरत होता.

"चोच उघडली," मास्तर म्हणाले. लेथवर मोजमाप वाचावं तशा आवाजात. "मिटली. उघडली."

दुर्बीण न हलवता त्यांनी विचारलं, "आता वाजतंय?"

"हो."

"आता?"

"हो, बाबा."

"आणि आता?"

"नाही. थांबलं."

चोच मिटली होती. त्यांनी असं आठ-दहा वेळा केलं. एकदाही चुकलं नाही. कारखान्यात एखादा भाग तपासताना एका मापावर विश्वास ठेवायचा नाही, अशी त्यांची शिस्त होती. मग त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून बसले. मी माणसांचं खोटं पकडायचा पगार घेतो. तीन वसंत या माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो, त्याला जे हवं होतं ते माझ्या कानात वाजत होतं, आणि मी तेलाचा विचार करत होतो. मला माझी लाज वाटली.

"बाई, तुमची चिठ्ठी."

बाईंनी दिली. मग दुकानदारांनी. दोन्हींत धोबी होता, तुतारी होती, भिंगऱ्या होत्या. सुई नव्हती.

"ऐकलीत ना दोघांनी?"

"ऐकली," बाई म्हणाल्या.

"गेल्या वर्षी?"

"ऐकली होती."

"मग लिहिली का नाही?"

बाईंचा आवाज अगदी लहान झाला. "तुमचं मन मोडवेना, मास्तर. पहिल्या वर्षीच कळलं होतं आम्हाला. वाटलं, एका पाखराचा तर प्रश्न आहे."

मास्तर भडकले. ते असे भडकलेले मी कधी पाहिले नव्हते. "तिकडे बघा," ते माळ्याच्या दाराकडे हात करून म्हणाले. "ती गादी बघा. पाखराचा प्रश्न आहे? चाळीस वर्षं शाळेत पेपर तपासलेत ना तुम्ही? वाईट वाटेल म्हणून कुणाला नापासाचा पास केलंत? मग मलाच का?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानदार काही बोलणार होते. मास्तरांनी हात वर केला. चिठ्ठ्यांच्या घड्या घातल्या आणि सायकल हातात धरून पायीच घरी निघाले. मी मागोमाग. वाटेत एक ट्रक गेला, एक कुत्रं भुंकलं, कुणीतरी लांबून "मास्तर!" अशी हाक मारली. प्रत्येक वेळी ते 'हे वाजलं ना?' अशा नजरेने माझ्याकडे बघायचे, आणि मी मान हलवायचो. ते सगळं त्यांना ऐकू येत होतं. पुढे कानाच्या डॉक्टरांनी तक्ता काढून तेच दाखवलं: जाड आवाज शाबूत, बारीक सगळे गेलेले. लेथने वरून वरून कुरतडत नेले होते. माणसांचं बोलणं नीट ऐकू येतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. न ऐकू आलेल्या गोष्टीची उणीव कळणार कशी?

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. चेहरे बघून त्यांनी ओळखलं.

"तुलाही माहीत होतं?" मास्तरांनी विचारलं.

"कुकरचं शिट्टी होण्याआधीचं फुसफुसणं तुम्हाला तीन वर्षं ऐकू येत नाही. मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तीनदा बोलले. एकदा तुम्ही म्हणालात कुकर बिघडलाय, एकदा म्हणालात माझे कान तिखट झालेत. तिसऱ्यांदा काय म्हणालात ते जावयांसमोर सांगत नाही."

एरवी मी हसलो असतो. मास्तर आत जाऊन खुर्चीवर बसले. वही काढली आणि सुईच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले. मी निघालो तेव्हा वर न बघता म्हणाले, "उद्या अर्धा दिवस रजा मिळेल का?"

सोमवारी आम्ही अकराच्या दहा मिनिटं आधी पोचलो. पाणीपुरवठ्याची कचेरी म्हणजे लांब बोळ, दोन्ही बाजूंना कपाटं, आणि कपाटांवर दोरीने बांधलेली बाडं. माळी भिंतीला टेकून उभा होता. दाढी केली होती, सदऱ्याला इस्त्री होती, टोपी हातात होती. त्याने मास्तरांकडे पाहिलं नाही. मास्तरांनी एकदा पाहिलं आणि खाली बघितलं.

साहेबीणबाई चाळिशीच्या असतील. समोर अर्ज, वहीच्या प्रती, माळ्याचं सेवापुस्तक. त्यांनी माळ्याला विचारलं, "छाटणी केली होती?"

"केली होती, साहेब."

"पक्षी येत नाही असं यांचं म्हणणं आहे. तुम्हाला काही सांगायचंय?"

माळ्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, बस.

"मला सांगायचंय," मास्तर म्हणाले. "पक्षी येतो. दरवर्षी आला. अर्ज चुकीचा आहे."

साहेबीणबाईंनी चष्मा काढला. कागद वाचणाऱ्या माणसांना अशा गोष्टी आवडत नाहीत; पण त्या भल्या होत्या. मास्तरांचं वय त्यांनी पाहिलं, हातातली वही पाहिली आणि सोपी वाट काढून दिली. "हरकत नाही, काका. 'अर्ज मागे घेत आहे' एवढी एक ओळ लिहा. कारण द्यायची गरज नाही. बदली रद्द होईल, ते खोल्यांत राहतील, विषय मिटला."

मला वाटलं, सुटलो. मी खिशातलं पेन काढून पुढे केलंसुद्धा.

"कारण लिहिलं नाही तर लोक काय म्हणतील?" मास्तरांनी विचारलं. "म्हाताऱ्याला दया आली, म्हणून सोडला. म्हणजे गुन्हा याच्या नावावर तसाच राहणार. मग पुढे कुंपणाचं पान जरी गळलं तरी यालाच धरणार. नाही. यानं काही केलेलंच नाही."

"मग काय लिहिणार?"

"घडलं ते."

त्यांनी कागद ओढून घेतला. अक्षर त्यांचं टपोरं आहे. वहीत तारखा लिहितात तसं, सावकाश, एकेक अक्षर सुटं. लिहून झाल्यावर कागद साहेबीणबाईंना दिला नाही; उभे राहून स्वतःच वाचला. बोळात शिपाई होता, दारात आणखी दोघं कामासाठी थांबलेले होते, त्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"मी अर्जदार, वय सदुसष्ट. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. हे मला काल कळले. पक्षी तिन्ही वर्षे ठरल्या वेळी आला होता आणि छाटलेल्या कुंपणातच राहिला होता. माझ्या वहीतील दोन वर्षांच्या नोंदी खोट्या आहेत. माळ्याचा काही दोष नाही. त्याच्या सेवापुस्तकात माझ्या अर्जावरून काही लिहिले गेले असल्यास ते खोडावे आणि हे पत्र तेथे चिकटवावे."

दारातल्या दोघांपैकी एक हसला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि खाली सही केली. साहेबीणबाईंनी कागद घेतला, पुन्हा एकदा वाचला.

"कान तपासलेत?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"काल तपासले," मास्तर म्हणाले. "तलावावर."

साहेबीणबाईंनी शिक्का मारला. माळ्याला सांगितलं, नोटीस रद्द, जा. माळ्याने नमस्कार केला आणि तो बाहेर पडला. आम्हीही उठलो. बोळात तो कपाटापाशी थांबलेला होता. मास्तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. दोन वर्षं या दोघांत एक शब्द झाला नव्हता.

"चूक झाली," मास्तर म्हणाले.

"मला ठाऊक होतं, मास्तर."

"काय ठाऊक होतं?"

"तुम्हाला ऐकू येत नाही ते. गेल्या मार्चात तुम्ही कुंपणाला चिकटून उभे होतात. ती तुमच्या टोपीच्या वर हातभर, नव्याने फुटलेल्या फांदीवर बसून ओरडत होती. तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत आणि निघून गेलात. मी पाण्याचा पाइप हातात धरून बघत होतो."

मास्तर जवळजवळ ओरडलेच, "अरे, मग आत बोलला का नाहीस? तुझं घर चाललं होतं! साहेबीणबाईंनी विचारलं तेव्हा तोंड का नाही उघडलंस?"

माळ्याने टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"तुमच्या वहीत नाही म्हणून लिहिलेलं होतं, मास्तर," तो म्हणाला. "त्याच्यापुढे मी हो म्हणून काय उपयोग होता?"

माळ्याचा आवाज जाड आहे. मास्तरांना शब्दन्‌शब्द ऐकू आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.